इशाऱ्याचा आवाज आणि उतारवयाचे कान



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. विद्वानांनी बोलावे आणि नगरवासीयांनी ऐकावे, हा प्रघात तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव रुजला. आम्ही विद्वान नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले, आणि जे काही वाचन झाले ते पाळी सुटणे आणि सभा भरणे यांच्या मधल्या वेळात झाले. तथापि आजचा विषय ऐकण्याचाच असल्यामुळे त्यावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांलाही असावा, असे वाटते. धोक्याचा आवाज कानी पडला असता त्यातील निकड उतारवयाच्या माणसाला कशी कळते, आणि कळत नसेल तर का कळत नाही, हा तो विषय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आवाज निराळा आणि इशारा निराळा. घंटा देवळातही वाजते आणि आगीच्या बंबावरही वाजते. एकीने आपण हात जोडतो, दुसरीने वाट सोडतो. दोन्ही वेळा धातूवर धातूच आपटत असतो. मग फरक कशात आहे? काही फरक आवाजाच्या अंगात आहे. तो किती चढा आहे, किती मोठा आहे, किती भराभर येतो आहे, यावर तो अवलंबून असतो. पण उरलेला फरक ऐकणाऱ्याच्या मनात, म्हणजे त्या आवाजाविषयी समाजाने पूर्वी केलेल्या करारात असतो. हा करार कसा झाला, कसा मोडला आणि वृद्धांच्या वाट्याला त्यातून काय आले, हे पाहण्यासाठी थोडे इतिहासात शिरावे लागेल.

पावनखिंडीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. १६६० सालच्या पावसाळ्यात शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू खिंड अडवून उभे राहिले. महाराज गडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार व्हायचे होते, असे परंपरा सांगते. त्या बारांचा अर्थ आधी ठरलेला होता. ज्याला तो ठाऊक नव्हता त्याला तो नुसता धडाका वाटला असता. इशाऱ्याची पहिली अट येथे दिसते. त्याचा अर्थ संकटाच्या आधी, शांतपणी ठरलेला असावा लागतो.

गावगाड्यात हे काम दवंडीने केले. दवंडी पिटणारा माणूस हलगी किंवा डफ वाजवीत येई, चौकात थांबे, मजकूर सांगे, आणि पुढच्या आळीत तोच मजकूर पुन्हा सांगे. म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने या पद्धतीचे गुण पाहावेत. वाद्याचा आवाज भरदार आणि खालच्या पट्टीचा. त्याने आधी लक्ष वेधून घ्यायचे, मग थांबायचे, मग शब्द. शब्द पुन्हा पुन्हा. सांगणारा ओळखीचा, आणि दारापर्यंत आलेला. ओट्यावरची आजी त्याला हाक मारून विचारू शकत असे, ‘काय म्हणालास रे, पुन्हा सांग.’ पण तिच्या घरात पाऊल टाकण्याची मुभा त्याला नव्हती. हे काम बहुधा महार वतनदारांवर लादलेले होते. गावाला सावध करणारा माणूस स्वतः गावकुसाबाहेर राहत होता. या वतनांविरुद्ध डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि १९५८ च्या कायद्याने ती रद्द झाली. दवंडीचे गुण घ्यावेत. ज्या व्यवस्थेने ती पिटवून घेतली तिचे गोडवे गाऊ नयेत.

त्यानंतर यंत्र आले आणि यंत्राबरोबर भोंगा आला. ज्या यंत्राला सायरन हे नाव मिळाले, ते फ्रान्समधील कान्यार द ला तूर या शास्त्रज्ञाने १८१९ साली घडवले. छिद्रे पाडलेली चकती फिरवून हवेचा झोत तोडला की सूर निघतो, आणि चकतीचा वेग वाढला की सूर चढतो, हे त्याचे तत्त्व. गिरण्यांचे भोंगे मात्र बहुतेक बॉयलरच्या वाफेवर वाजत. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५० नंतरच्या दशकात उभी राहिली, सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली निघाली. या शहरांत लाखो माणसांचा दिवस भोंग्याने सुरू झाला आणि भोंग्यानेच मावळला. घरात घड्याळ नसले तरी चाले. गिरणगावातील बाई भोंग्यावर चूल पेटवी आणि पोर भोंग्यावर शाळेला निघे.

त्या आवाजाची निकड कशात होती? तो भीतीचा आवाज नव्हता, पण त्याने अंगात घाई भरे. कारण दरवाजा बंद झाला की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. आवाज सरळ आणि लांब होता, त्यात चढउतार नव्हता. तरीही आज ऐंशीच्या घरातल्या एखाद्या गिरणी कामगाराला तसा आवाज ऐकवा, तो पाय खाली टेकवील. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि तो भोंगा थांबला. त्या पिढीच्या मनात मात्र त्याचा अर्थ तसाच राहिला. निकड ही आयुष्याने शिकवलेली गोष्ट आहे, याचा हा एक पुरावा.

ज्या कारखान्याने हा अर्थ शिकवला त्यानेच कानही नेले. मागांच्या खात्यात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे. माणसे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत. पॉवर प्रेस, ग्राइंडर, हवेवर चालणारी हत्यारे, यांच्याजवळ वीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाचे कान एका विशिष्ट ठिकाणी झिजतात. माणसाचा कान साधारणपणे सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकतो. गोंगाटाने होणारी इजा प्रथम ४,००० कंपनांच्या आसपास दिसते. मोठ्याने आलेले बोलणे ऐकू येत राहते, म्हणून माणसाला काही गेले आहे हे कळत नाही. आठ तासांच्या पाळीत आवाज ९० डेसिबलांच्या पलीकडे जाऊ नये, असा दंडक कारखान्यांच्या नियमांत होता. १९८७ च्या दुरुस्तीनंतर कारखाना कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद होती. पुढे त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली. पण नोंद असणे आणि भरपाई मिळणे यांत किती अंतर असते, हे आम्ही आयुष्यभर पाहिले. बोट तुटले की रक्त दिसते. कान गेला की काहीच दिसत नाही, आणि साहेब म्हणतो, ‘वयामुळे झाले असेल.’

आता आपल्या घरच्या प्रसंगाकडे येऊ. आपली धायरी मुठेच्या अगदी काठावर नाही. पण खडकवासल्याहून पुण्याला येणारी मुठा आपल्या शेजारून जाते, आणि सिंहगड रस्त्यावरच्या कोणत्याही वस्तीला धरणाचा विचार टाळता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी अंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले. ते पुरे बांधून झालेले नव्हते. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरण्याची शर्थ केली. त्यामुळे फुटणे उजाडेपर्यंत लांबले. सकाळी धरण गेले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले धरणही फोडले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

त्या दिवशी बातमी मुख्यतः माणसांच्या तोंडून पसरली. ‘धरण फुटले, पाणी येते आहे’ हे वाक्य गल्लीतून गल्लीत गेले. ज्यांनी ते खरे मानले ते निघाले. काही जण पाणी पाहायला पुलांवर आणि काठावर गेले. त्या पिढीकडून आम्ही एक गोष्ट अनेकदा ऐकली. पुष्कळ म्हातारी माणसे म्हणाली, ‘मुठेला पूर येतच असतो, पायरीपर्यंत येईल आणि ओसरेल.’ त्यांचे कान तेव्हा शाबूत होते. त्यांच्याजवळ पुराचे माप होते आणि ते मापच त्या दिवशी अपुरे पडले. धरण फुटल्याचा अनुभव कोणालाच नव्हता. वृद्धांना इशारा देताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, की त्यांचा अनुभव कधी त्यांना इतरांआधी जागे करतो आणि कधी जागेवरच बसवतो. म्हणून धोका नेहमीचा नाही, हे त्यांना वेगळे आणि शब्दांत सांगावे लागते. दिवसाउजेडी हे सारे घडले म्हणून डोळ्यांनी आणि शेजाऱ्यांनी काम केले. तेच रात्री दोनला घडते तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत हवाई हल्ल्याचा भोंगा लोकांच्या परिचयाचा झाला. वरखाली होणारा सूर म्हणजे धोका, आणि एका पट्टीतला सरळ सूर म्हणजे धोका टळला. हा फरक विचारपूर्वक केलेला होता. चढउताराचा सूर गोंगाटातही वेगळा ऐकू येतो. आणि तो संथपणे चढतो-उतरतो, त्यामुळे कमी ऐकणाऱ्यालाही त्याचा आकार कळतो. शिवाय दिवे घालवणे, काचांना कागद लावणे, जिन्याखाली जाणे, अशी कृती त्याला जोडलेली होती. काय करायचे हे ठाऊक असले म्हणजे आवाजाला वजन येते.

हा करार मोडला म्हणजे काय होते, हे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळने दाखवले. तेथल्या कारखान्यात आतल्या कामगारांसाठीचा इशारा आणि बाहेरच्या वस्तीसाठीचा मोठा भोंगा अलग केलेले होते. २ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास वायू सुटला. बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि थांबवला गेला. किरकोळ गळतीने लोक घाबरू नयेत, हा त्यामागचा कंपनीचा हिशेब होता. लोक जागे झाले ते डोळ्यांच्या आगीने आणि खोकल्याने. लोकांना घाबरू देऊ नये म्हणून त्यांना अंधारात ठेवणे, ही मालकीची जुनी सवय आहे. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत पोराला दोष मिळतो; पण लांडगा खरोखर आला असता जो शिंग फुंकायचे थांबवतो, त्याचे काय?

याच सुमारास शास्त्रज्ञांनी आवाजाची निकड मोजायला घेतली. १९८२ साली इंग्लंडमधील रॉय पॅटरसन यांनी विमानांतील इशाऱ्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मांडली. इशारे फार मोठे आणि फार जास्त आहेत, त्यामुळे वैमानिक आधी आवाज बंद करण्याच्या मागे लागतो आणि धोक्याचा विचार नंतर करतो, असा त्यांचा आक्षेप होता. १९९१ साली जुडी एडवर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की आवाजाचे घटक बदलून त्याची निकड हवी तशी कमीजास्त करता येते. सूर चढा केला, ठोके भराभर केले, आवाज मोठा केला, सुरांची संगती मोडली, की ऐकणाऱ्याला घाई वाटते. हे ज्ञान मोलाचे आहे, आणि आजची पुष्कळ यंत्रे त्याच रीतीने चढा आणि भराभर आवाज काढतात.

पण उतारवयाच्या कानाची गोष्ट येथेच अडते. वय वाढते तसे कानाच्या शंखातील सूक्ष्म रोमपेशी झिजतात, आणि त्यातही चढे सूर ऐकणाऱ्या पेशी आधी जातात. म्हणजे यंत्राने निकड ज्या चढ्या पट्टीत भरली, नेमकी तीच पट्टी म्हाताऱ्याच्या कानातून प्रथम गळते. ठोके फार जवळजवळ आले तर मधली फट त्याला वेगळी कळत नाही आणि भराभर वाजणारा इशारा एक गुणगुण होऊन बसतो. त्यावर उपाय म्हणून आवाज नुसता वाढवला तर दुसरी अडचण येते. झिजलेल्या कानाला बारीक आवाज मुळीच येत नाही, आणि थोडा वाढवला की तो एकदम असह्य होतो. नातवंडांना आजोबा म्हणतात, ‘नीट बोल,’ आणि पोर मोठ्याने बोलले की म्हणतात, ‘ओरडतोस कशाला?’ हा तऱ्हेवाईकपणा नव्हे. कानाची रचनाच तशी झालेली असते.

शब्दांचेही तसेच आहे. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. स, श यांसारखी व्यंजने चढ्या पट्टीत असतात, ती जातात. गाडीवरच्या ध्वनिक्षेपकावरून ‘साठ हजार क्यूसेक पाणी सोडले’ असे कोणी सांगत गेला, तर इमारतींच्या भिंतींवर आपटून आलेल्या त्या आवाजातला ‘स’ हरवतो आणि ऐकणाऱ्याला ‘आठ हजार’ ऐकू येते. एका अक्षराने पूर ओसरतो!

ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या वृद्ध माणसांवर धुराच्या घंटांचे प्रयोग केले. नेहमीच्या घंटेचा सूर ३,००० कंपनांच्या आसपास, म्हणजे चढा. त्याने माणसे सर्वांत कष्टाने जागी झाली. सुमारे ५२० कंपनांचा, खालच्या पट्टीचा, भरीव आवाज त्यांना पुष्कळ कमी जोरावर जागे करू शकला. अमेरिकेतील अग्निसंकेतांच्या नियमावलीने पुढे हा आवाज स्वीकारला, आणि हॉटेलांतील झोपण्याच्या खोल्यांसारख्या ठिकाणी २०१४ पासून तो बंधनकारक केला. आमच्या मनात ते वाचून आले, की हलगीवाल्याने जे अनुभवाने साधले होते, तिकडे प्रयोगशाळा पोहोचली.

आता आजची स्थिती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढील माणसांत चौथा हिस्सा तरी त्रासदायक बहिरेपणाने ग्रस्त आहे. धायरी २०१७ साली महापालिकेत आली. शेताच्या जागी इमारती झाल्या, छोट्या वर्कशॉपांची गर्दी झाली, आणि कारखान्यांतून निवृत्त झालेली हजारो माणसे या रस्त्यावर राहायला आली. त्यांच्याभोवती दिवसभर काय वाजते ते ऐकावे. मागे येणारा टेम्पो गाणे वाजवतो, कचऱ्याची गाडी गाणे वाजवते, लिफ्टचे दार पिपाणी वाजवते, गाड्या उगीच कोकलतात. खरा धोका आणि किरकोळ सूचना एकाच पट्टीत बोलू लागल्या, तर कान शहाणपणाने दोन्ही सोडून देतो. २०२३ साली सरकारने मोबाईलवर संकटाच्या सूचनेची चाचणी घेतली. एकाएकी झालेल्या त्या कर्कश आवाजाने आमच्या ओळखीच्या कित्येक वडीलधाऱ्यांना फोन बिघडला असे वाटले. त्यांनी तो बंद करून ठेवला. आवाज निकडीचा होता, करार मात्र झालेला नव्हता.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढला, तो ३५ हजार क्यूसेकच्या आसपास गेला, आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. लष्कराला बोलावावे लागले. आपल्याला पूर्वसूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. तो वाद येथे सोडवायचा नाही. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पहाटेच्या वेळी तळमजल्यावर एकटी राहणारी पंचाहत्तरीची बाई झोपताना कानाचे यंत्र काढून डबीत ठेवते. तिच्यासाठी सूचना निघाली तरी ती पोहोचणार कशी? पुढे ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला आणि भोंगे पुन्हा वाजले. १९७१ पाहिलेल्यांनी त्याचा अर्थ तरुणांना समजावून सांगितला. या एका बाबतीत म्हातारे गुरू ठरले आणि तरुण शिष्य.

या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे. उतारवयाच्या माणसाला निकड कळत नाही, हे खरे नव्हे. निकड ज्या पट्टीत आणि ज्या वेगाने पाठवली जाते ती त्याच्यापर्यंत येत नाही. आणि आली तरी तिचा अर्थ त्याच्याशी कोणी ठरवलेला नसतो. तेव्हा दोष त्याच्या वयावर टाकून मोकळे होता येणार नाही.

म्हणून काही साध्या मागण्या आहेत. धोक्याचा आवाज खालच्या पट्टीचा, भरीव आणि संथ चढउताराचा असावा. त्यानंतर थोडी शांतता, आणि मग एकच लहान वाक्य, आकडे टाळून, सावकाश, तीनदा सांगावे. ‘पाणी वाढते आहे, वरच्या मजल्यावर जा’ एवढे पुरे. तो आवाज दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. पावसाळ्यापूर्वी ठरलेल्या दिवशी तो वाजवून पाहावा, आणि तो ऐकू आला का, त्याचा अर्थ काय वाटला, हे साठीपुढच्या माणसांना घरी जाऊन विचारावे. जे यंत्राशिवाय ऐकत नाहीत त्यांच्यासाठी दिवा चमकणारे किंवा गादीखाली थरथरणारे साधन असावे. आणि ते येईपर्यंत प्रत्येक इमारतीत दार ठोठावणारी दोन माणसे नेमून ठेवावीत, त्यांची नावे जिन्यात लिहावीत. दार ठोठावणाऱ्याची जात आता कोणी विचारू नये, आणि हे काम पाळीपाळीने सर्वांनी करावे. शेवटची मागणी कामगारांची आहे. गोंगाटाच्या खात्यात काम करणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासावेत आणि तो कागद कामगाराच्या हाती द्यावा, म्हणजे निवृत्तीनंतर ‘वयामुळे झाले’ असे कोणाला म्हणता येणार नाही.

यांतल्या दार ठोठावण्याच्या कामाला सरकारी मंजुरी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. मृगाला अजून अवकाश आहे. घरी गेल्यावर आपल्या जिन्यात रात्री ज्यांना ऐकू येत नाही अशी माणसे किती आहेत, एवढे प्रत्येकाने मोजावे आणि कोणी कोणाचे दार वाजवायचे हे या आठवड्यात ठरवावे, अशी विनंती करून आम्ही आमचे विवेचन संपवतो.